जैनथच्या देवळाचा साक्षीदार

आदिलाबादेस उतरणारा मराठी प्रवासी बहुधा पुढे जाण्याच्या घाईत असतो. कुणास बासरच्या सरस्वतीचे दर्शन घ्यावयाचे असते, कुणास कुंटाळ्याचा धबधबा पाहावयाचा असतो. पौष अमावास्येच्या सुमारास आलेला असेल तर केसलापूरच्या नागोबाची जत्रा त्यास ओढून नेते. शहरापासून वीसेक किलोमीटरवर असलेल्या जैनथ गावाकडे मात्र फारसे कुणी वळत नाही. एका कामानिमित्त आदिलाबादेस दोन दिवस राहणे घडले, तेव्हा प्रस्तुत लेखक तिकडे वळला. त्या अर्ध्या दिवसाचे हे निवेदन आहे.

हा मुलूख सीमेवरचा. निजामाच्या राज्यात हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९०५ साली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे भाग मुंबई राज्याकडे गेले, आणि २०१६ साली उरलेल्या जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले. सरहद्दी अशा वारंवार हलल्या, पण बाजारात कान दिला तर तेलुगू, मराठी, गोंडी आणि उर्दू आजही एकत्रच ऐकू येतात.

जैनथचे देऊळ काळ्या दगडाचे. गाभाऱ्यात लक्ष्मीनारायण. कार्तिक शुद्ध अष्टमीपासून येथे ब्रह्मोत्सव भरतो. वर्षातील ठराविक दिवसांत सकाळची किरणे थेट देवाच्या चरणांवर येतात, असे गावकरी अभिमानाने सांगतात. देऊळ कुणी बांधले, असे विचारताच मात्र उत्तरे फुटू लागली. एक म्हणाला, पल्लव सरदाराने. दुसऱ्याने गावाच्या नावाकडे बोट दाखवून जैनांचा आधार घेतला. तिसऱ्याने आपल्याकडच्या सवयीने हेमाडपंताचे नाव घेतले. अखेर ओट्यावर बसलेले एक वृद्ध गृहस्थ हसून म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्हीच निकाल द्या. देऊळ कुणाचे?"

निकाल देण्यापूर्वी साक्षीदार तपासावा लागतो. येथील साक्षीदार म्हणजे जैनथचा संस्कृत शिलालेख. विद्वानांच्या ग्रंथांत गावाचे नाव जैनाड असे लिहिलेले आढळते. हा लेख पल्लवांचा नाही. तो माळव्याच्या परमार घराण्यातील जगद्देवाच्या काळचा, म्हणजे अकराव्या शतकाच्या अखेरचा किंवा बाराव्याच्या आरंभीचा आहे. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री तेराव्या शतकातला. तेव्हा त्याचा दावा कालगणनेनेच फेटाळला जातो.

लेखात जगद्देवाच्या पराक्रमाचे वर्णन आहे. आंध्राचा राजा, चक्रदुर्ग, दोरसमुद्र, गुर्जरांचा जयसिंह अशी मोठमोठी नावे त्यात येतात. ही स्तुती धन्याच्या पदरच्या माणसांकडून आलेली, म्हणून ती जपूनच घ्यावी. परंतु त्याच लेखात एक गोष्ट येते, तिचे मोल निराळे आहे. उदयादित्य हा जगद्देवाचा पिता आणि राजा भोज हा पितृव्य, असे तो सांगतो. धारेच्या भोजाचा उदयादित्याशी नेमका कोणता संबंध होता, याविषयी पुढे अभ्यासकांत मतभेद झाले. नागपूरच्या प्रशस्तीत नुसता 'बंधु' शब्द आहे, आणि बंधु म्हणजे कोणीही आप्त होऊ शकतो. जैनथचा दगड मात्र 'चुलता' असे स्पष्ट म्हणतो.

१८७२ च्या साक्षीपुराव्याच्या कायद्यात कलम ३२ होते. नात्याची विशेष माहिती असणाऱ्या मृत मनुष्याने, वाद उत्पन्न होण्यापूर्वी त्या नात्याविषयी केलेले कथन त्यानुसार ग्राह्य ठरत असे. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी हे तत्त्व कायम आहे. आमच्या दगडाने आधुनिक पंडितांचा वाद उत्पन्न होण्याच्या आठशे वर्षे आधी साक्ष दिलेली आहे!

शिवाय तिला दुसऱ्या साक्षीदाराचा दुजोराही मिळतो. पैनगंगेच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात डोंगरगाव आहे. तेथे जगद्देवाचाच शके १०३४ चा, म्हणजे इ. स. १११२ चा लेख सापडला. तोही उदयादित्यास भोजाचा भाऊ म्हणतो, आणि एक हृद्य हकीकत सांगतो. पित्याच्या पश्चात राजलक्ष्मी जगद्देवाकडे चालून आली. पण थोरला भाऊ अविवाहित असता धाकट्याने लग्न केल्यास जो परिवित्तीचा दोष घडतो, त्याच्या भयाने त्याने तिला थोरल्याच्या हाती दिले. मग तो कुंतलाच्या राजाकडे आला. हा राजा म्हणजे कल्याणीचा चालुक्य सहावा विक्रमादित्य. त्याने १०७६ साली थोरल्या भावाला बाजूस सारून गादी घेतली होती. भावासाठी राज्य सोडणाऱ्याने, भावाचे राज्य घेणाऱ्याच्या पदरी राहावे, ही इतिहासाची विलक्षण गाठ होय.

आता मूळ प्रश्न. जगद्देवाचा अधिकारी लोलार्क याची पत्नी पद्मावती हिने निंबादित्याचे देवालय उभारले, असे लेख सांगतो. म्हणजे स्थापना करणारी एक स्त्री, आणि देव सूर्य! आज गाभाऱ्यात नारायण आहे.

तेव्हा पद्मावतीचे देऊळ ते हेच, असे म्हणून मोकळे व्हावे काय? येथे रोमचे पँथिऑन आठवते. त्याच्या कपाळावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे की, हे अग्रिपाने आपल्या तिसऱ्या कॉन्सुलपदाच्या काळी बांधले. तो काळ इ. स. पूर्व २७ चा. परंतु विटांवरील शिक्क्यांनी सिद्ध केले की उभी असलेली वास्तू इ. स. १२५ च्या सुमाराची, हेड्रियन बादशहाच्या काळची आहे. नाव तेवढे जुन्याचे ठेवले. ६०९ साली त्याच देवालयाचे ख्रिस्ती मंदिर झाले. लेख खरा असतो, पण तो समोरच्या भिंतीविषयीच बोलतो असे गृहीत धरता येत नाही. तेवढा शंकेचा फायदा जैनथलाही दिलाच पाहिजे.

गोमंतकाशी ज्यांचे नाते आहे, त्यांना ही कथा उलट्या बाजूने परिचित आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या अमलात कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. आपल्या पूर्वजांनी स्थान सोडले, पण देवाचे नाव सोडले नाही. जैनथला स्थान राहिले आणि नाव पालटले. दोन्हीकडे टिकली ती उपासना. सूर्य आणि नारायण हे शब्द आपण एका श्वासात उच्चारतो. देवाच्या चरणी येणाऱ्या किरणांची गोष्ट सांगताना जैनथचे गावकरीही नकळत निंबादित्याचेच स्मरण करीत असतील.

निघताना त्या वृद्ध गृहस्थांना पद्मावतीचे नाव सांगितले. त्यांनी ते दोनदा स्वतःशीच उच्चारले आणि म्हणाले, "बाईचे नाव आम्हाला कुणी सांगितले नव्हते." नऊशे वर्षे ते नाव गावातच, दगडावर होते. प्रवाशाने आदिलाबादेस जावे, तेव्हा पैनगंगेच्या या तीरावर अर्धा दिवस काढावा, आणि दर्शन घेताना हे नावही मनात ठेवावे.