महापातक : एका शब्दाचा अर्थपालट

‘महापातक’ म्हटले की आजच्या मराठी वाचकापुढे क्षमेपलीकडचे कृत्य उभे राहते. स्मृतिकारांचा आशय निराळा होता. पातक म्हणजे पाडणारे, कर्त्याला समाजातून च्युत करणारे. ब्रह्महत्या, सुरापान, सुवर्णाची चोरी, गुरुपत्नीगमन आणि अशा पातक्यांचा संसर्ग ही पाच महापातके मनुस्मृतीने सांगितली. पण ब्रह्महत्येलाही बारा वर्षे वनात कुटी करून राहण्याचे प्रायश्चित्त ठेवले. उलट स्त्री, शूद्र, वैश्य व क्षत्रिय यांचा वध तेथे केवळ उपपातक ठरतो. शब्दाचे भय कृत्याच्या क्रौर्याने नव्हे, तर मारल्या गेलेल्याच्या वर्णाने मोजले जात होते. नरसंहाराला महापातक म्हणणारा आजचा लेखक शब्द परंपरेचा घेतो, माप मात्र तिचे नाकारतो; आणि ते योग्यच आहे.

पतिताच्या नावाने आप्तजन पाण्याने भरलेला घट दासीकडून पायाने उपडा करवीत, जणू तो मेलाच. हाच घटस्फोट, मराठीने पुढे हा शब्द विवाहविच्छेदाला लावला. त्या विधीचा उत्तरार्ध मात्र विस्मरणात गेला : प्रायश्चित्त करून परतलेल्यासह तेच आप्त पवित्र जलाशयात स्नान करीत आणि नवा घट पाण्यात सोडीत.