शस्त्रक्रिया यशस्वी, तरी रुग्ण दगावला : प्रत्यारोपण आणि संसर्गाचा परळ ते चेंबूर इतिहास

१/
३ डिसेंबर १९६७. केपटाऊनच्या ग्रूट शूर रुग्णालयात डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी लुई वॉशकान्स्की यांच्या छातीत दुसऱ्या व्यक्तीचे हृदय बसवले. नवे हृदय उत्तम चालले. रुग्ण मात्र १८ दिवसांनी न्यूमोनियाने मरण पावला. प्रत्यारोपणाचा पुढचा सारा इतिहास या एका मृत्यूभोवती फिरतो. #थ्रेड

२/
शरीर परक्या अवयवाला शत्रू मानते. म्हणून वॉशकान्स्की यांची प्रतिकारशक्ती औषधांनी आणि किरणोपचाराने दडपण्यात आली होती. फुप्फुसांत डाग दिसू लागले, तेव्हा शरीर हृदय नाकारत आहे असे समजून ही औषधे वाढवली गेली. प्रत्यक्षात तो जिवाणूंचा संसर्ग होता. उपायानेच अपाय बळावला.

३/
मुंबई या प्रयोगांत मागे नव्हती. परळच्या केईएम रुग्णालयात १९६५ सालीच मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा भारतातील पहिला प्रयत्न झाला होता. फेब्रुवारी १९६८ मध्ये, केपटाऊननंतर अवघ्या अडीच महिन्यांत, तेथेच डॉ. प्रफुल्लकुमार सेन व सहकाऱ्यांनी देशातील पहिले हृदय प्रत्यारोपण केले.

४/
तो रुग्ण काही तासच जगला. सप्टेंबरमधील दुसरा रुग्णही दिवस पुरा करू शकला नाही. जगभर त्या वर्षी शंभराहून अधिक हृदये बसवली गेली. बहुतेक रुग्ण नकाराने किंवा संसर्गाने दगावले. पुढे बहुतेक केंद्रांनी हे काम थांबवले. हात तयार होते. शस्त्रक्रियेनंतरचे शास्त्र तयार नव्हते.

५/
संसर्ग दोन वाटांनी येतो. पहिली वाट बाहेरची : टाके, हातमोजे, सुया, कॅथेटर. हृदय शस्त्रक्रियेत छातीचे हाड कापावे लागते; तेथील जखम चिघळली किंवा कृत्रिम झडपेवर जंतू बसले, तर जिवावर बेतते. ही वाट बंद करण्याच्या कामात चेंबूरच्या शेजाराचा मोठा वाटा आहे.

६/
१९७४ साली भाभा अणुसंशोधन केंद्राने ट्रॉम्बे येथे ‘आयसोमेड’ हा प्रकल्प सुरू केला. त्याला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे साहाय्य होते. कोबाल्ट-६० मधून निघणारी गामा किरणे बंद खोक्यांतून आरपार जातात आणि आतील जंतूंची जनुकद्रव्ये तोडतात.

७/
याचे महत्त्व काय? वाफेच्या उष्णतेत पुष्कळसे प्लास्टिक टिकत नाही. किरणांनी वस्तू तापत नाही, किरणोत्सारीही होत नाही, आणि वेष्टन फोडेपर्यंत निर्जंतुक राहते. केपटाऊनमध्ये कोबाल्टचे किरण रुग्णाचा प्रतिकार दडपण्यासाठी वापरले होते. ट्रॉम्बेत तेच किरण जंतूंवर रोखले गेले.

८/
दुसरी वाट आतली, आणि ती किरणांनी बंद होत नाही. क्षयाचे जंतू किंवा सायटोमेगॅलो विषाणू माणसाच्या शरीरात वर्षानुवर्षे निद्रिस्त राहू शकतात. प्रतिकारशक्ती दडपली की ते जागे होतात. म्हणून भारतातील मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांत क्षय पाश्चात्त्य देशांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो.

९/
डॉक्टरांनी या धोक्याचे वेळापत्रकच मांडले. पहिला महिना : जखम, नळ्या व रुग्णालयातील जंतू. पहिला ते सहावा महिना : प्रतिकार सर्वांत क्षीण, म्हणून सुप्त विषाणू व बुरशी. त्यानंतर : मुख्यतः घरादारातले नेहमीचे संसर्ग. न्यूमोसिस्टिस टाळण्यासाठी को-ट्रायमोक्साझोलसारखे स्वस्त औषध आधीच सुरू करतात.

१०/
नॉर्वेच्या मातीतील बुरशीतून मिळालेल्या सायक्लोस्पोरिनने १९८० च्या दशकात चित्र पालटले. पण नवा पेच उभा राहिला. क्षयावरील प्रभावी औषध रिफॅम्पिसिन यकृताला इतके चेतवते की सायक्लोस्पोरिन झपाट्याने विघटित होते. क्षय बरा करावा तर मूत्रपिंड धोक्यात, मूत्रपिंड जपावे तर क्षय बळावतो.

११/
यावर उतारा म्हणजे रक्तातील औषधाची पातळी वारंवार मोजणे, मात्रा बदलणे, कधी रिफॅम्पिसिनऐवजी दुसरे औषध निवडणे. हे काम वर्षानुवर्षे चालते. वेल्लोरला १९७१ साली जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण यशस्वी झाले. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी ऑगस्ट १९९४ मध्ये हृदय यशस्वीपणे बसवले. केईएमच्या प्रयत्नानंतर २६ वर्षांनी.

१२/
ही २६ वर्षे वाया गेली नाहीत. त्या काळात निर्जंतुक साहित्य आले, नवी औषधे आली, रक्तातील मात्रा मोजता येऊ लागली, आणि १९९४ सालीच मेंदूमृत्यूला मान्यता देणारा अवयव प्रत्यारोपण कायदाही झाला. डॉ. सेन यांचे रुग्ण वाचले नाहीत. पण अवयव बसवणे ही सुरुवात असते आणि रुग्ण जगवणे हे त्यानंतरचे, बहुतांशी न दिसणारे काम असते, हे त्या काही तासांनी दाखवून दिले. त्या न दिसणाऱ्या कामातला एक भाग चेंबूरच्या वेशीवर, बंद खोक्यांतून झाला.