एका पांढऱ्या रंगाची शिस्त

तैलरंगात व्यक्तिचित्र शिकणाऱ्याला अनेकदा स्वीडनच्या अँडर्स झॉर्नचा दाखला देतात. पांढरा, पिवळ्या मातीचा, शेंदरी लाल आणि काळा, मुख्यतः एवढ्या चार रंगांवर त्याने माणसांचे चेहरे उभे केले. रंग थोडे असले की उजेड-सावलीचा तोल चुकवून चालत नाही. आजच्या पालघर जिल्ह्यातल्या वारली स्त्रियांनी याहून कठीण अट पाळली. त्यांच्याकडे रंग एकच, पांढरा. छटा नाही, सावलीही नाही. चित्राचा सगळा भार रेषेवर आणि मोकळ्या जागेवर. ही अट गरिबीने लादली असे सर्रास मानले जाते. माझ्या मते ती जाणीवपूर्वक जपलेली शिस्त आहे.

कारवीच्या कुडाची भिंत शेणामातीने लिंपायची, त्यावर गेरूचा हात द्यायचा. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून, बांबूच्या काडीचे टोक ठेचून तिनेच रेखाटायचे. लग्नात सुवासिनींनी लिहिलेल्या चौकात पालघट देवी विराजमान होते आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, गाण्यांतून विधी चालवते. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचे धड. त्रिकोण किंचित कलला की माणूस वाकतो, नाचतो, ओझे उचलतो. हालचाल दाखवण्याचे काम इथे रंगाला करावेच लागत नाही.

दुसरे रंग परवडत नव्हते म्हणून हे घडले, या आक्षेपाला घरातलीच हळद उत्तर देते. लग्नात हळद लागते, कुंकू असते, चुलीची काजळी तर रोजची. तरी चौकातल्या आकृत्या पांढऱ्याच राहिल्या. शेजारच्या गुजरातेतले राठवा हेही शेतीवर जगणारे आदिवासी, पण त्यांच्या पिठोरा भित्तिचित्रांतले घोडे रंगीबेरंगी असतात. गरिबीतून एकरंगीपणाच निघतो असे म्हणावे, तर हा फरक समजत नाही.

मग ही रूढीची सक्ती होती का? हा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण चौक हा विधीच आहे. पण १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात कागद घेऊन आले आणि चित्र विधीबाहेर पडले. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा माशे (१९३४–२०१८) पुरुष असूनही, लग्नाचे निमित्त नसतानाही रोज चित्रे काढू लागले. याच भागातल्या तारापूरची अणुवीज १९६९ पासून सुरू होती, म्हणजे बाजार आणि तयार रंग दूर राहिले नव्हते. तरीही माशे यांनी मातकट पृष्ठभाग आणि पांढरी रेघ सोडली नाही. मासेमारीच्या जाळ्याची चित्रे त्यांनी बारीक रेघांच्या विणीने भरून काढली. रेघा कुठे दाटतात, कुठे विरळ होतात, यातूनच जाळ्याचा फुगवटा दिसतो. सक्ती सुटल्यावरही पाळलेल्या मर्यादेला निवडच म्हणावे लागते. २०११ च्या पद्मश्रीने गौरव झाला तो याच निवडीतून घडलेल्या हाताचा.

आज बहुरंगी वारलीही विकली जाते. परंपरा बदलूच नये असा माझा आग्रह नाही; कागद हाही बदलच होता. पण त्या बदलाने रेषेची जबाबदारी वाढवली, तर भडक रंग तिची कमजोरी झाकतात. म्हणून पालघर-बोईसरच्या मुलांना वारली शिकवायची, तर छापील आकृत्या गिरवून घेण्याआधी एका पांढऱ्या रंगात रेघ कुठे थांबवायची, हे शिकवले पाहिजे.