शनिवार, ८ मे १९९९ : कार्लाइलचं तिकीट

मोबाइल घरी ठेवा. तो तिथे चालणार नाही, आणि कुणी हातात पाहिलाच तर काय सांगाल? खिशात दहा पौंडांच्या दोन-चार जुन्या नोटा असू द्या, चार्ल्स डिकन्सच्या चित्राच्या. त्यांच्यावर क्रिकेटचा सामना छापलेला आहे. फुटबॉल बघायला निघायचं आणि क्रिकेट मोडून पाय (pie) विकत घ्यायचा, हे इंग्लंडातच जमतं.

लंडनच्या यूस्टनहून सकाळची उत्तरेची गाडी पकडा. प्रेस्टन मागे पडलं की डोंगर सुरू होतात, मग शॅपची चढण, दगडी बांध, मेंढ्या. गाडी कार्लाइलला थांबली की उतरा. आणखी थोडं पुढे गेलात तर स्कॉटलंडमध्ये पोचाल. स्थानकाबाहेर पडून वॉरिक रोडने सरळ पूर्वेला चालत राहायचं. वाट विचारावी लागत नाही, निळे शर्ट चाललेत त्यांच्या मागे जायचं. मात्र गाणी, आरडाओरडा यातलं फारसं काही ऐकू येणार नाही. बारावीचा निकाल लागायच्या सकाळी घरात जशी माणसं एकमेकांशी बेताने बोलतात, तसा हा रस्ता आहे.

कारण सांगतो. इंग्लंडमध्ये व्यावसायिक लीगच्या चार पायऱ्या, मिळून ९२ क्लब. कार्लाइल युनायटेड सगळ्यात खालच्या पायरीवर, आणि तिथेही शेवटच्या स्थानावर आहे. शेवटचा येतो तो लीगच्या बाहेर. मग टीव्हीचे पैसे आटतात, प्रायोजक फोन उचलत नाहीत, खेळाडू निघून जातात. आपल्या आयपीएलमध्ये तळाला गेलेला संघ पुढच्या वर्षी त्याच थाटात परत येतो. इथे तसली सोय नाही. कार्लाइल १९२८पासून लीगमध्ये आहे. १९७४च्या ऑगस्टमध्ये तर पहिले तीन सामने जिंकून हा क्लब देशाच्या पहिल्या विभागात अव्वल होता. ते पाहिलेली माणसं आज तुमच्या पुढे-मागे चालताहेत.

कार्लाइलच्या मैदानावर, ब्रंटन पार्कला, पोचलात की आधी पूर्वेकडचा नवा स्टँड बघा. तो मैदानाच्या सरळ रेषेत बसत नाही, एका बाजूला पुढे सरकलेला दिसतो. मैदानच हलवायचं ठरलं होतं, ते राहून गेलं. अध्यक्ष मायकल नाइटन यांच्या योजना अशाच. १९८९मध्ये हे गृहस्थ मँचेस्टर युनायटेड विकत घ्यायला निघाले होते आणि ओल्ड ट्रॅफर्डवर खेळाडूच्या कपड्यांत चेंडू उडवून दाखवत होते. इथे आल्यावर एका मोसमात त्यांनी प्रशिक्षकाला काढून संघ स्वतःच चालवायला घेतला. आजूबाजूला त्यांच्या नावाने बोटं मोडणारे भरपूर भेटतील. ऐकून घ्या, भर घालू नका.

उभं राहायच्या पायऱ्यांवर जागा धरा. ट्रान्झिस्टर कानाला लावलेला माणूस शोधा आणि त्याच्या शेजारी राहा, हे महत्त्वाचं. मांसाचा पाय आणि बोव्हरिल (गोमांसाच्या अर्काचं गरम पेय) मिळतं. शाकाहारी असाल तर चहावर भागवा.

समोर प्लिमथ आर्गाइल. त्यांना आज मिळवायचंही काही नाही, गमवायचंही नाही. तरी त्यांचे पाठीराखे देशाच्या दुसऱ्या टोकाहून सहाशे किलोमीटरच्या वर प्रवास करून आलेत. मला विचाराल तर स्टेडियमातले सगळ्यात थोर लोक तेच. कार्लाइलचे ४६ गुण आहेत, स्कारबरोचे ४७. स्कारबरो तिकडे आपल्या मैदानावर पीटरबरोशी खेळतंय.

पूर्वार्ध विसरला तरी चालेल. उत्तरार्धात ली फिलिप्स प्लिमथसाठी गोल करतो आणि तुमच्या पायऱ्यांवर कुणीच काही बोलत नाही. बासष्टाव्या मिनिटाला डेव्हिड ब्राइटवेल लांबून बरोबरी साधतो. आता ट्रान्झिस्टरवाल्याकडे वळा. तिकडे १-१. मग तिकडचा सामना संपतो. बरोबरीने स्कारबरोचे ४८ झाले, त्यांचे लोक मैदानात उतरून नाचताहेत. इकडे बरोबरी म्हणजे ४७.

जादा वेळेची चार मिनिटंही संपत आली. कॉर्नर मिळतो. कार्लाइलचा गोलकीपर जिमी ग्लास बाकाकडे बघतो, प्रशिक्षक नायजेल पीअरसन हाताने पुढे जायची खूण करतात, आणि तो अख्खं मैदान ओलांडून धावत सुटतो. हा गडी इथला नव्हेच. क्लबने आपला कीपर टोनी केग विकून टाकला, उसना आणलेला दुसरा परत गेला, म्हणून मुदत उलटल्यावर खास परवानगी काढून स्विंडन टाउनकडून याला आणलं. कार्लाइलसाठी हा त्याचा तिसरा सामना.

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. तरी बघा, पोटात गोळा येतोच.

ग्रॅहम अँथनीचा कॉर्नर, स्कॉट डोबीचा हेडर, प्लिमथचा कीपर तो परतवतो, आणि चेंडू येऊन पडतो ग्लासच्या पुढ्यात. स्ट्रायकरने मारावा तसा तो उजव्या पायाने मारतो. २-१. ७,५९९ माणसांपैकी निम्मी मैदानात शिरतात. तुम्हालाही ढकलत नेतील, विरोध करू नका. खेळ कसाबसा पुन्हा सुरू होतो आणि शिटी वाजते.

परतीच्या गाडीत शुद्धीवर आलात की बाकीचं ऐका. ग्लास पुन्हा कधी कार्लाइलसाठी खेळला नाही. सत्ताविशीतच त्याने व्यावसायिक फुटबॉल सोडला आणि पुढे टॅक्सी चालवली. कार्लाइल २००४मध्ये लीगबाहेर पडलंच, पण वर्षभरात परत आलं. स्कारबरो मात्र परतलं नाही. २००७मध्ये तो क्लब कर्जापायी बुडाला. पाठीराख्यांनी त्याच वर्षी नवा क्लब उभा केला, पण जुन्या मैदानाच्या जागी आता सुपरमार्केट आहे.

म्हणून पुन्हा जायची संधी मिळाली तर कार्लाइलचा हट्ट धरू नका. तो गोल चित्रफितीत हवा तेव्हा दिसतो. त्याच तारखेचं स्कारबरोचं तिकीट काढा आणि मैदानात नाचणाऱ्या त्या लोकांमध्ये जाऊन उभे राहा. या खेळाची खरी ओळख तिथेच होईल.