मांडणी, उतरंड आणि एक वेगळा कप

मराठीत 'मांडणी' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे विषयाची मांडणी, दुसरी म्हणजे भांड्यांची. सोमवार ते शुक्रवार माझं पोट पहिलीवर चालतं. या वीकेंडला मात्र दुसरीच्या मागे लागलो, कारण साधं होतं.. नव्या स्वयंपाकघरात ओल्या भांड्यांसाठी काहीतरी घ्यायचं होतं. ऑनलाइन शोधलं तर शेकडो प्रकार समोर आले आणि सगळ्यांना साडेचार तारे! आता यातून निवडायचं कसं?

माझं आजोळ कारंजा (घाडगे), जिल्हा वर्धा. नागपूर-अमरावती हायवेवरचं तालुक्याचं गाव. (वाशिम जिल्ह्यातलं कारंजा लाड वेगळं. तिकीट काढताना कंस नीट वाचा, नाहीतर भलत्याच जिल्ह्यात उतराल.) तिथल्या मामीला फोनवर विचारलं, तर तिने उलटाच प्रश्न टाकला, "पयले हे सांग बापू, तुले भांडे वाळवाचे हायेत का मांडाचे हायेत?"

आमच्याकडे याला रिक्वायरमेंट अ‍ॅनालिसिस म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात :-) पण खरं सांगतो, भांड्यांच्या रॅकचा सगळा इतिहास या एका प्रश्नात आहे.

सुरुवात उतरंडीपासून करू. मातीची मडकी मोठ्यावर लहान अशी एकावर एक रचायची, ती उतरंड. प्रोग्रामरला ही लगेच कळेल, कारण तो चक्क स्टॅक आहे. सगळ्यात खालच्या मडक्यातलं धान्य हवं असेल तर वरची सगळी उतरवा. जागा कमी लागते, पण हवं ते पटकन हाती येत नाही. शिवाय ही सोय साठवणीची, वाळवणीची नाही. घासलेली भांडी अंगणात फळीवर नाहीतर दगडावर पालथी पडायची. विदर्भाचं ऊन बाकीचं काम करायचं. एप्रिल-मे महिन्यात तर भांडं ठेवून हात मागे घेईपर्यंत कोरडं.

मग पितळ आणि तांबं. गुंड, गंज, कोपर, गडवा ही आमच्याकडची नावं. पुण्यातल्या मित्रांना 'गंज आण' म्हटलं की ते लोखंडावरचा गंज समजतात. आमचा गंज म्हणजे पातेलं. पितळेची अडचण अशी की त्यात आंबट शिजवलं किंवा ठेवलं तर ते कळकतं. म्हणून आतून कल्हई लागायची, म्हणजे भांडं तापवून, नवसागर मारून कथलाचा पातळ थर द्यायचा. बाहेरून चिंच आणि राख. राखेतले क्षार तेलकटपणाशी मिळून साबणासारखंच काम करतात, त्यामुळे आज्या काही अडाणीपणाने राख वापरत नव्हत्या. पण पाणी तसंच राहिलं की पितळेवर नि तांब्यावर डाग पडतात. म्हणजे धातू आल्यावर कोरडं करणं हे एक वेगळं काम होऊन बसलं. आणि ते काम कोणाचं, हे सांगायला नको.

स्वयंपाकघरातल्या कष्टांचा विचार वर्ध्यात फार आधी झाला होता. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ १९३४ मध्ये स्थापन झाला, वर्ध्याची मगनवाडी हे त्याचं केंद्र आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे कर्तेधर्ते. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते तिथे मगन संग्रहालय उघडलं. कमी धुराचा 'मगन चुला' याच मगनवाडीच्या नावाने ओळखला जातो. आता धुराचा नि भांड्यांचा संबंध काय? जिने चुलीवरचा गंज घासलाय तिला विचारा. बुडाची काजळी निघावी म्हणून चुलीवर चढवण्याआधीच बाहेरून मातीचा लेप द्यायची पद्धत होती. धूर कमी म्हणजे काजळी कमी, आणि काजळी कमी म्हणजे घासणं कमी.

त्यानंतर काही वर्षांनी, १९४४-४५ च्या सुमारास, पार फिनलंडमध्ये मायू गेभार्ड नावाच्या बाईंनी असाच हिशेब मांडला. घरकामाची कार्यक्षमता अभ्यासणाऱ्या संस्थेत त्या काम करायच्या. त्यांचा अंदाज होता की एक गृहिणी आयुष्यात जवळपास ३०,००० तास भांडी धुण्या-पुसण्यात घालवते. त्यांचं उत्तर अगदी साधं.. सिंकच्या वरचं कपाट घ्या, त्याचा तळ काढून टाका आणि आत जाळीचे कप्पे बसवा. धुतलेली ताटली सरळ वर ठेवायची, पाणी खाली सिंकमध्ये, ताटली तिथेच वाळते आणि तिथेच राहते. पुसणं बंद, पुन्हा लावून ठेवणंही बंद. फिनलंडच्या घराघरांत हे कपाट आजही दिसतं.

आपल्याकडे वेगळं घडलं, आणि ते घडवलं स्टेनलेस स्टीलने. १९१३ मध्ये शेफिल्डला हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून मिश्रधातू शोधत होता. त्याला न गंजणारं पोलाद सापडलं. युक्ती क्रोमियमची. ते हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर तयार करतं, आणि ओरखडा पडला तर तो थर आपोआप पुन्हा तयार होतो. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत हे स्टील आपल्या घरांत शिरलं. जुन्या साड्या घेऊन बोहारणीने डबे दिले, आणि पितळ दुकानात वजनावर 'मोड' म्हणून गेलं. मोडीत काढणं हा वाक्प्रचार आपल्या घरांनी असा अक्षरशः जगून दाखवला. १९८१ मध्ये तर सेलमचा सरकारी स्टेनलेसचा कारखानाही सुरू झाला.

आणि मग भिंतीवर आली ती स्टीलची मांडणी. ताटांच्या फटी, वाट्यांची रांग, कपांचे हूक, वर डब्यांसाठी सपाट कप्पा. आंदणात आलेली, नावं घातलेली भांडी तिच्यावर चमकायची. बाहेरच्या खोलीतून ती दिसलीच पाहिजे! फिन्निश कपाट भांडी लपवून वाळवतं, आपली मांडणी वाळलेली भांडी मिरवते. म्हणूनच आपल्याकडे दोन वस्तू लागतात, ओल्या भांड्यांचं टोपलं वेगळं आणि मांडणी वेगळी. मामीचा प्रश्न हाच होता.

आता निवडीकडे येतो. या सगळ्यातून मी काढलेले मुद्दे असे:

एक, पोलादाचा ग्रेड विचारा. ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. निकेल महाग. मे २००७ मध्ये तर त्याचा भाव टनाला ५०,००० डॉलरच्या वर गेला होता. म्हणून निकेल कमी करून मँगनीज घातलेली २०० मालिका आपल्याकडे भरपूर चालते. ती वाईट नाही, पण सतत ओलं राहणाऱ्या जागी ३०४ जास्त टिकतं. आणि दुकानदार लोहचुंबक लावून 'बघा, चिकटत नाही' म्हणाला तर भुलू नका. २०० मालिकेलाही चुंबक सहसा चिकटत नाही. त्या चाचणीने ३०४ सिद्ध होत नाही.

दोन, तारांचे जोड बघा. गंज (लोखंडवाला!) बहुतेक वेळा वेल्डिंगपाशी आणि तारेच्या कापलेल्या टोकाशी सुरू होतो. रंगाचा लेप दिलेलं साधं लोखंड पहिला टवका उडेपर्यंतच सुंदर दिसतं.

तीन, पाणी कुठे जातं? खालच्या ट्रेला सिंककडे उतार हवा. बोअरचं जड पाणी साचून सुकलं की पांढरे थर बसतात. लिंबाने ते निघतात, पण साचूच दिलं नाही तर बरं.

चार, ओली भांडी बंद ट्रॉलीत ढकलू नका. पुसण्याच्या फडक्यापेक्षा मोकळी हवा बरी. अमेरिकेतल्या हॉटेलांसाठीची अन्नसुरक्षा नियमावलीसुद्धा भांडी हवेवरच वाळवायला सांगते. आजीचं 'पालथी घाल' काही वेगळं नव्हतं.

पाच, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा. रॅकचा खरा युजर कोण? आमच्या घरी भांडी घासायला मावशी येतात. त्यांना फोटो दाखवले तर पाच मिनिटांत तीन मॉडेल्स बाद. "या फटीत काठाचं ताट अडकतं. हे लई उंच, हात पोचत नाही. याच्यात वाट्या उताण्या पडतात, पाणी आतच." साडेचार तारे देणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या रॅकवर स्वतःच्या हाताने भांडी लावली असतील कोण जाणे.

इथवर आलोच आहे तर कपांच्या हूकबद्दल बोलायलाच हवं. मांडणी घराचं वैभव दाखवते तशीच घराची सीमाही दाखवते. कोणाचं भांडं तिच्यावर आहे, आणि कोणाचं नाही? आजोळी मागच्या भिंतीच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप पालथा असायचा, शेतावरच्या गड्याचा. तो पिऊन झाल्यावर स्वतः विसळून परत ठेवायचा. आतल्या मांडणीवर हूक रिकामे असले तरी तो कप कधी आत आला नाही. ही एका घराची गोष्ट नाही, महाराष्ट्रभर असे कप होते. याच वर्धा जिल्ह्यात जमनालाल बजाजांनी जुलै १९२८ मध्ये लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुलं केलं. देवळाचं दार उघडलं, कोनाडा तसाच राहिला.

१९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्यात (१९७६ पासून तो नागरी हक्क संरक्षण कायदा) भांड्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. हॉटेल, धर्मशाळा अशा ठिकाणची भांडी वापरण्यापासून अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला अडवणं हा गुन्हा ठरला. ज्या देशाला कपबशीसाठी कायदा करावा लागतो, तिथे कपबशी ही किरकोळ गोष्ट नसते. पण ते कलम सार्वजनिक जागांपुरतं. घरातली मांडणी आपल्यावर सोडलेली आहे.

आणि आपण काय केलं? चाळीतून फ्लॅटमध्ये आलो, मोरीची सिंक झाली, मांडणीची मॉड्युलर ट्रॉली झाली. तरी कित्येक घरांत खिडकीशी किंवा सिंकच्या कोपऱ्यात एक वेगळा स्टीलचा पेला दिसतो. विचारलं तर उत्तर मिळतं, "त्यांचा आहे तो, हायजीन म्हणून." गंमत बघा, घरातली सगळी भांडी ज्या हातांनी स्वच्छ होतात, त्याच हातांच्या कपाला हायजीन लागतं! गावात या गोष्टीला निदान खोटं नाव तरी नव्हतं.

असो. मावशींनी पास केलेली ३०४ ची दोन मजली मांडणी मागवली आहे, सिंकच्या बरोबर वर बसणारी. तिला सहा हूक आहेत. घरात कपही सहाच ठेवायचे आणि कुठलाच कप कोणाचा नाही, असं आम्ही ठरवलंय. तुमच्या ओट्यावर आज एकदा नजर टाका. रॅक कुठला घ्यायचा ते मग ठरवता येईल.