दैवी कोपाची धमकी : रायपूर परिसरातील एका शब्दाचा इतिहास

मध्य प्रदेशाच्या विधिमंडळाने १९६८ साली धर्मस्वातंत्र्याचा कायदा संमत केला. बळ, प्रलोभन अथवा कपट यांच्या साहाय्याने कोणाचेही धर्मांतर घडवू नये, हा त्याचा आशय. 'बळ' या संज्ञेची व्याख्या करताना मात्र कायदेकर्त्यांनी एक अनपेक्षित पाऊल टाकले. बळाचे प्रदर्शन, इजेची धमकी आणि सामाजिक बहिष्काराची धमकी यांच्या जोडीला त्यांनी 'दैवी कोपाची धमकी'ही बसवली. दंडविधानाच्या रुक्ष गद्यात ईश्वराचा असा प्रवेश क्वचितच होत असेल. मनुष्य पापी आहे आणि पापाचा हिशेब ईश्वरापुढे द्यावा लागतो, हे ज्याच्या श्रद्धेचे पहिले वाक्य आहे, त्या ख्रिस्ती उपदेशकाने ते वाक्य उच्चारले म्हणजे त्याने धमकी दिली असे समजायचे काय, हा प्रश्न त्या एका शब्दप्रयोगाने उभा केला.

या कायद्याची सर्वांत गाजलेली कसोटी रायपूर परिसरातच लागली. धर्मांतराची माहिती शासनाला न दिल्याच्या आरोपावरून रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्यावरील खटल्यास बलौदाबाजारच्या उपविभागीय दंडाधिकाऱ्यांनी मंजुरी दिली. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि १९७७ साली सरन्यायाधीश अजितनाथ राय यांच्या पीठाने कायदा वैध ठरवला. आपल्या धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क अंतर्भूत नाही, हे त्या निकालाचे सार. निकालपत्राचा भर प्रसाराचा अर्थ, सार्वजनिक सुव्यवस्था आणि विधिमंडळाचे अधिकारक्षेत्र यांवर होता. उपदेश कोठे संपतो आणि धमकी कोठे सुरू होते, हा प्रश्न बाजूलाच राहिला. तो प्रश्न त्या मुलखात शंभर वर्षांपूर्वीच आला होता.

१८६८ साली ऑस्कर लोहर हे जर्मन मिशनरी रायपूरला आले. त्यापूर्वी छोटा नागपुरात गोसनर मिशनमध्ये त्यांनी काम केले होते. १८५७ च्या धामधुमीत त्यांना तो प्रदेश सोडावा लागला. पुढे अमेरिकेतील जर्मन इव्हँजेलिकल मंडळींच्या मिशनतर्फे ते परतले. रायपूरजवळ त्यांनी विश्रामपूर ही वसाहत उभी केली. त्यांना या भूमीकडे ओढून आणले ते सतनामी पंथाच्या वार्तेने. घासीदासांचा जन्म १७५६ साली गिरौदपुरी येथे झाला, असे पंथाची परंपरा मानते. चर्मकार जातीत जन्मलेल्या या पुरुषाने सत्यनामाखेरीज दुसरा देव नाही, मूर्ती नाही, जातिभेद नाही असे सांगितले आणि मद्य, मांस, तंबाखू यांचा निषेध केला. निषिद्धांच्या यादीत मसूर, टोमॅटो आणि मिरची हेही पदार्थ होते. लाल रंगावर रक्ताची छाया पडते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. एकेश्वरी, मूर्तिविरोधी, जातिविरोधी असा पंथ पाहून ख्रिस्तमार्गाची निम्मी वाट आधीच कोणीतरी चालून ठेवली आहे, असे लोहर यांना वाटले असल्यास नवल नाही. सारा समाज एकदम येईल ही मिशनची अपेक्षा होती. ती फळाला आली नाही.

याचे एक कारण 'पाप' या शब्दातच शोधता येते. ख्रिस्ती उपदेशकांनी हिंदीत काय नि मराठीत काय, हाच शब्द पत्करला. दुसरा उपलब्धही नव्हता. परंतु शब्द कोरा मिळत नसतो. लोकव्यवहारात पाप हे कृत्य आहे. त्याला पुण्याचा जोड आहे, त्याचे माप आहे, ते जन्मोजन्मी साठते आणि त्याचे फळ म्हणून नीच योनी मिळते. शिवाय विटाळाच्या कल्पनेशी त्याचा जुना शेजार आहे. मूळ ग्रीक शब्दाचा धात्वर्थ नेम चुकणे असा आहे. ख्रिस्ती विचारात पाप ही राजापासून रंकापर्यंत सर्वांची समान अवस्था, तर गावगाड्यात ती कोणाच्या तरी जन्मावर मारलेली खूण. ज्याला गावाने पिढ्यान्पिढ्या 'तुझा जन्मच पूर्वपापाचे फळ' असे ऐकवले, त्याला पाद्रीसाहेबाने 'तू पापी आहेस' म्हटल्यावर त्यात नवे काय ऐकू येणार? घासीदासांनी त्याला नेमके याच्या उलट सांगितले होते. त्यांचे पुत्र बालकदास यांनी जानवे धारण केले, ते आपला जन्म मलिन नाही हे सांगण्यासाठीच. सवर्णांच्या रोषातून १८६० च्या सुमारास त्यांची हत्या झाली. इतक्या मोलाने मिळवलेली निर्मळता एका शब्दासाठी परत करणे सतनाम्यांना सोपे नव्हते.

'गावचा मालगुजारही पापी, त्याचा ब्राह्मणही पापी आणि हे सांगणारा मीही पापी', हा त्याच सिद्धान्ताचा उर्वरित अर्धा भाग आहे. तो उच्चारल्यावाचून पहिला अर्धा भाग प्रामाणिक ठरत नाही. विश्रामपुरात तो उच्चारण्यात एक व्यावहारिक अडचण होती. जमीन मिशनची होती. पाळकच मालगुजार होता. कुळाचा सारा आणि कुळाचे पाप या दोहोंचा हिशेब एकाच दाराशी होत होता.

या अडचणीचे सर्वांत बोलके उदाहरण 'चूरी'च्या चालीत सापडते. महाराष्ट्रातील पाटाशी या चालीचे नाते सहज लक्षात येईल. पहिला नवरा सोडून आलेल्या स्त्रीला दुसऱ्या पुरुषाने बांगड्या भरायच्या, जातीला जेवण घालायचे आणि आधीच्या नवऱ्याला भरपाई द्यायची, की तो विवाह जातीला मान्य झाला. मिशनरींच्या लेखी हा सरळ व्यभिचार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मंडळीच्या शिस्तीने त्याला पाप ठरवले आणि त्यासाठी लोकांना मंडळीबाहेर काढले. तरीही चूरी चालूच राहिली. जाचक संसारातून बाहेर पडण्याची स्त्रीजवळ असलेली एकमेव वाट बंद करणारी आज्ञा तिला ईश्वराची वाटली असेल की मालगुजाराची, याचा विचार त्या शिस्तीत दिसत नाही. १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांत मिशनच्या आश्रयाला येणाऱ्यांची संख्या वाढली, त्या वेळी पोटाची भूक आणि आत्म्याचा पश्चात्ताप यांची सरमिसळ अधिकच झाली. अर्थात, याचा दोष शब्दाला देऊन चालणार नाही. पापाची गोष्ट गाळून केवळ शाळा आणि दवाखाना पुढे करणे, हाही आडपडदाच असतो. निमंत्रण कशाचे आहे हे ऐकणाऱ्याला आधी कळले पाहिजे.

त्याच मुलखातील दुसरी घटना याहून अगदी वेगळी आहे. रायपूरच्या पश्चिमेस सुमारे सत्तर किलोमीटरवर राजनांदगाव. १८९३ साली नारायण वामन टिळक नोकरीनिमित्त नागपूरहून तिकडे आगगाडीने जात असताना डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. तो सौजन्याने बोलला. काव्याच्या गोष्टी निघाल्या. त्याने टिळकांना 'नवा करार' दिला आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीत करून तो आपल्या वाटेने गेला. त्याच्या हाती जमीन नव्हती, सारा नव्हता, पुढच्या स्टेशनानंतर त्याची सत्ताही नव्हती. टिळकांना पापाची जाणीव झाली ती त्या पुस्तकातील डोंगरावरील प्रवचनाने. तेथे क्रोधाला हत्येच्या आणि वासनेच्या नजरेला व्यभिचाराच्या पंक्तीस बसवले आहे. कृत्यावरचे माप मनावर आले की सोवळ्यातला मनुष्यही सुटत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ आणि आपल्या डोळ्यातील मुसळ हा मराठी माणसाच्या परिचयाचा हिशेबही तेथेच येतो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. या विधानाचा काव्यात्म अर्थ पुष्कळांनी लावला आहे. पापाच्या संदर्भात त्याला आणखी एक अर्थ आहे. वारकरी संत 'पतित' हा शब्द सहसा स्वतःला लावतात, विठ्ठलाला 'पतितपावन' म्हणतात आणि श्रोत्याला त्याच्या जागी सोडून देतात. ऐकणारा त्या प्रथमपुरुषात आपणहून शिरतो. टिळकांनी ख्रिस्ती कीर्तनाचा आग्रह धरला त्यामागे केवळ चालींचे आकर्षण नव्हते. व्यासपीठावरून खाली बोट दाखवणारा मध्यमपुरुष त्यांना नको होता. मिशनरींच्या वडीलकीशी त्यांचे जन्मभर खटके उडाले आणि १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' मांडला. मालगुजाराच्या आसनावरून कोणी उपदेश करू नये, एवढे तरी त्या कृतीतून स्पष्ट होते.

लक्ष्मीबाईंचे तर त्याहून निराळे. पती ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी सोवळे सांभाळले आणि १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतला. दरम्यानच्या वर्षांत त्यांना कोणी पापाचे व्याख्यान देऊन जिंकले नाही. जात देवाने केलेली नाही, ती माणसाची करणी आहे, हे त्यांचे त्यांनाच उमगले आणि विटाळ गळून पडला. 'स्मृतिचित्रे'मध्ये त्या आपला राग, आपला हट्ट, आपले अज्ञान यांची कबुली इतक्या हसतमुखाने देतात की वाचणाऱ्याला आपल्याही घरातले काही आठवू लागते.

१९६८ च्या कायद्याकडे परत येताना त्यातील शिक्षेचे कलम पाहण्याजोगे आहे. सामान्यतः एक वर्ष कैद किंवा पाच हजार रुपये दंड. मात्र धर्मांतरित व्यक्ती अज्ञान बालक, स्त्री अथवा अनुसूचित जाती-जमातीतील असल्यास दोन वर्षे आणि दहा हजार. दैवी कोपाच्या शब्दाने हे लोक इतरांपेक्षा लवकर भ्यायचे, असे त्यात गृहीत धरलेले दिसते. या गृहीतकामागे मिशनच्या जमिनीचा आणि दुष्काळाचा इतिहास आहे हे खरे. पण आणखीही एक इतिहास आहे. विश्रामपूरच्या पाळकांचा उपदेश ज्या सतनाम्यांच्या कानी गेला, त्यांतील बहुसंख्यांनी तो ऐकला, आपल्या गुरूच्या वचनाशी ताडून पाहिला आणि ते सत्यनाम घेत आपल्या शेताकडे परतले.