लायपोची कुळकथा

ड्रोन उडवणारे जिला नुसतं ‘लायपो’ म्हणतात, त्या लिथियम पॉलिमर बॅटरीचं मूळ इंग्लंडमधल्या शेफील्डला सापडतं. पॉलीएथिलीन ऑक्साइड या प्लास्टिकात क्षार मिसळले की त्यातून आयन वाहतात, हे पीटर राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात प्रसिद्ध केलं. 1978 मध्ये मिशेल आर्माँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याची बॅटरी करायची कल्पना मांडली. पेट घेणारा द्रव नको, आत घन पॉलिमरच असावं. कल्पना मोठी देखणी, पण हे पॉलिमर साधारण 60 अंश सेल्सिअसपुढे तापल्यावरच नीट काम करायचं.

मग तडजोड झाली. 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या बेलकोर प्रयोगशाळेने प्लास्टिकच द्रवात भिजवलं. म्हणजे द्रव परत आलाच. आजच्या बहुतेक ड्रोन-पॅकमध्ये तोच असतो, द्रव किंवा जेलच्या रूपात. गेला तो धातूचा डबा. त्याच्या जागी ॲल्युमिनियम-प्लास्टिकची पातळ पिशवी आली. वजन त्यामुळे वाचलं, पण पेट घेणारा द्रव टाळण्याचं मूळ स्वप्न मात्र मागेच राहिलं. म्हणून लायपोची काळजी मला हौशी माणसाच्या कौशल्याचाच भाग वाटते.

चार सेलचा पॅक हातात घेऊन पाहा. जाड लाल-काळ्या वायरी मोटरींना वीज पुरवतात. शेजारच्या पांढऱ्या प्लगमधल्या पाच बारीक वायरींवरून चार्जर प्रत्येक सेलचा व्होल्टेज वेगळा मोजतो. पूर्ण भरलेला सेल 4.2 व्होल्टचा. 3 च्या खाली गेला की सेलचं कायमचं नुकसान व्हायचा धोका असतो, म्हणून 3.5 च्या आसपास ड्रोन उतरवावा. चार्जिंग सगळे सेल सारखे भरणाऱ्या बॅलन्स मोडवरच करा. 1500 एमएएचच्या पॅकला दीड अँपिअर पुरे, आणि तेवढा वेळ जवळच थांबा. उडवायचं नसेल तर प्रत्येक सेल 3.8 व्होल्टच्या आसपास आणून पॅक थंड जागी ठेवा. भरलेला पॅक उन्हात तापलेल्या गाडीत पडून राहिला, की द्रवाचं विघटन होऊन वायू साठतो आणि पिशवी फुगते.

फुगलेली बॅटरी टोचून वायू काढू नका, पुन्हा चार्जही करू नका. ती ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. घंटागाडीत तर मुळीच टाकू नका. तो कचरा कोणीतरी हाताने निवडत असतं.